वैराग्यमहामेरू श्रीसंत गोरोबाकाका : चरित्र

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले श्रीक्षेत्र तेर हे अतिप्राचीन गाव होय. शेजारच्या ढोकी गावावरून त्यास तेरढोकी असेही म्हणतात. प्राचीन सत्यपुरी ती हीच, अशी परंपरा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. येथून कापडाचे गाडे भडोच बंदराकडे जात असत. ते तगर म्हणजेच आजचे तेर, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, खेळणी आणि भांडी निघाली. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती आयुष्यभर जिवापाड जपली आणि त्या संग्रहातूनच येथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. दर्शनास येणाऱ्या भाविकांनी ते अवश्य पाहावे. श्रीगोरोबाकाकांच्या जन्माच्याही हजार-बाराशे वर्षे आधी या गावचे हात मातीला आकार देत होते, हे तेथे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते.

जन्म आणि नाव

परंपरेप्रमाणे काकांचा जन्म शके ११८९, म्हणजे इ. स. १२६७ मध्ये तेर येथे झाला. देवगिरीवर त्या वेळी यादवांचे राज्य होते. पिता माधवबुवा आणि माता रुक्मिणी हे दांपत्य सात्त्विक आणि काळेश्वराचे उपासक होते. घरात कुंभारकाम पिढीजात चालत आलेले होते. त्यांना आठ अपत्ये झाली, परंतु एकही जगले नाही. ती सर्व काळेश्वराजवळच्या भूमीत पुरावी लागली. त्यांचे दुःख पाहून प्रत्यक्ष पांडुरंग ब्राह्मणवेषाने घरी आला, ज्या गोरीत मुले पुरली होती ती त्याने उकरावयास लावली आणि मुले सजीव केली. आठवे बालक गोरीतून काढलेले, म्हणून त्याचे नाव गोरोबा ठेविले, अशी येथील आख्यायिका आहे. पुढे या पुरुषाच्या आयुष्यात मातीने जे दिले आणि जे नेले, ते ध्यानात घेतले म्हणजे ही जन्मकथा केवळ नावाची व्युत्पत्ती सांगण्यापुरती उरत नाही.

वयात येताच गोरोबांचा विवाह संती नावाच्या मुलीशी झाला. वडिलोपार्जित चाक त्यांच्याकडे आले. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला वर्षभर घागरी, रांजण, गाडगी, परळ, पणत्या पुरवाव्यात आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याचे बलुते घ्यावे, असा तो व्यवहार होता. लग्नातील बोहल्याची मडकी कुंभाराचीच आणि अंत्ययात्रेत पुढे धरलेले मडकेही त्याचेच. काकांनी हा व्यवसाय कधी सोडला नाही. विठ्ठलभक्तीसाठी घर टाकून रानात जाण्याचा विचार त्यांनी केल्याचे कोणत्याही कथेत नाही.

माती आणि नामस्मरण

मडके चाकावर घडते असे पाहणाऱ्यास वाटते. कुंभारास ठाऊक असते की ते त्याआधीच, मातीच्या तयारीत घडलेले किंवा बिघडलेले असते. मराठवाड्याची काळी जमीन पिकास उत्तम, परंतु ती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीचे भांडे सावलीतच तडकते. म्हणून नदीचा किंवा तळ्याचा गाळ, पोयटा अशी माती पारखून आणावी लागते. गाढवांच्या पाठीवरून ती घरी आली की वाळवावयाची, बडवून बारीक करावयाची, चाळावयाची आणि खडे वेचावयाचे. चुनखडीचा एखादा कण राहिला, तर भट्टीतून पक्के निघालेले मडकेही पुढे हवेतील ओलाव्याने त्या कणापाशी फुटते आणि त्याचा कपचा उडतो. दोष आठवड्यांनी कळतो, तेव्हा उपाय उरलेला नसतो.

चाळलेली माती आळ्यात भिजत घालतात. तीत लीद, राख किंवा तूस मिसळतात. भट्टीत ही भर जळून जाते, तिच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात आणि भांड्यास उष्णता सोसण्याचे बळ येते. घागरीतील पाणी थंड राहते तेही अशाच छिद्रांतून ते किंचित पाझरते म्हणून. मग माती तुडवावयाची. आळ्याच्या कडेपासून आरंभ करून टाचेने चिखलाची एकेक पातळ चीर दाबीत, वर्तुळाकार फिरत मध्यापर्यंत यावयाचे, चिखल फावड्याने पुन्हा ओढून घ्यावयाचा आणि पुन्हा तुडवावयाचा. हे काम घटका-दोन घटकांचे नव्हे. शेवटी त्यातील गोळे काढून, जमिनीवर राख भुरभुरून, ते हातांनी मळावयाचे. तळहाताच्या मुळाने लोटावयाचे, दुमडावयाचे, दोऱ्याने कापून दोन्ही भाग एकमेकांवर आपटावयाचे आणि पुन्हा मळावयाचे. कापलेल्या जागी बुडबुडा किंवा गाठ दिसेनाशी होईपर्यंत हे चालते. आत कोंडलेली हवा राहिली तर चाकावर भिंत एकसारखी चढत नाही आणि ओलसरपणा राहिला तर आव्यात मडके फुटते. एक फुटले की शेजारच्या चारांनाही घेऊन जाते.

या कामाचा एक विशेष असा की त्यात डोळ्यांची गरज फारशी नसते. खडा कोठे आहे, माती कोठे घट्ट आणि कोठे सैल आहे, हे तळव्यांना कळते. पावलांना लय सापडली की मन मोकळे राहते. ते मन काकांनी पांडुरंगास दिले. माती तुडविताना ओठी नाम, पावलास ताल, आणि हळूहळू डोळे मिटलेले, अशी त्यांची स्थिती होत असे. काम बाजूस ठेवून ते भजनास बसत नसत. चिखलाचे आळे हेच त्यांचे भजनस्थान होते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आघातही त्याच आळ्यात झाला.

बालकाचा मृत्यू

काकांस एक मूल झाले होते आणि ते नुकतेच रांगू लागले होते. एके दिवशी संती पाणी आणावयास निघाली. अंगणात खेळणाऱ्या मुलाकडे लक्ष असू द्यावे, असे तिने पतीस सांगितले. काका आळ्यात माती तुडवीत होते आणि नामात रंगले होते. त्यांनी ऐकले की नाही, हे कथा सांगत नाही. बापाला पाहून मूल रांगत आळ्याकडे आले, ओल्या चिखलात उतरले आणि पायांखाली सापडले. त्याचे रडणे नामाच्या गजरात काकांच्या कानी गेले नाही. माती लाल झाली, तरी पावले थांबली नाहीत.

संती घागर घेऊन परतली आणि तिने ते पाहिले. तिने आक्रोश केला. पतीस, त्याच्या भजनास आणि त्याच्या विठ्ठलास तिने बोल लाविले. चरित्रकारांनी हे तिचे बोलणे टाळलेले नाही, ही त्यांची मोठी प्रामाणिकता म्हणावी लागेल. भक्ताची तल्लीनता कितीही थोर असली, तरी मूल गमावलेल्या आईस ती त्या क्षणी थोर वाटावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. समाधी भंगलेल्या काकांस मात्र प्रथम उमगला तो पुत्राचा मृत्यू नव्हे, तर देवाची निंदा. चाक फिरविण्याचे दांडके उचलून ते तिच्या अंगावर धावले. तेव्हा तिने, आपल्या अंगास हात लावाल तर विठ्ठलाची आण आहे, असे म्हटले.

दांडके खाली आले. काकांचा राग तेथेच विझला, परंतु आण राहिली. रागाच्या भरात निघालेला शब्द म्हणून संती तो विसरली असती, पण काका विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी पत्नीस स्पर्श केला नाही.

आण आणि हात

दिवस गेले, तशी संतीस आपल्या शब्दाची व्याप्ती कळली. मूल गेले होते आणि पुढे वंश चालण्याचा मार्गही तिच्याच आणेने बंद झाला होता. तिने विनविले, पण आण विठ्ठलाची असल्यामुळे ती मागे घेण्याचा अधिकार तिलाही नव्हता, अशी काकांची धारणा होती. अखेर तिने माहेरी जाऊन आपली धाकटी बहीण रामी हिचा विवाह पतीशी करून दिला. लग्नात सासऱ्याने जावयास बजावले की दोघी बहिणींस सारखेच वागवावे, भेद करू नये, आणि त्यानेही विठ्ठलाचीच शपथ घातली. सासऱ्याचा हेतू धाकटीस न्याय मिळावा हा होता. काकांनी शब्द अक्षरशः पाळला आणि दोघींसही सारखेच दूर ठेविले.

दोघी बहिणींनी मग एका रात्री, काका निद्रिस्त असता, त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जाग येताच आण मोडल्याचे काकांच्या ध्यानी आले. दोष हातांचा, तर शासनही हातांसच, असे म्हणून त्यांनी शस्त्राने आपले दोन्ही हात तोडिले.

ही कथा ऐकताना आजच्या भाविकाच्या अंगावर काटा येतो आणि तसा तो यावयासच हवा. कुंभाराचे हात जाणे म्हणजे काय, याचा विचार तेरच्या लोकांनी तेव्हा केला असेल. पायांनी माती तुडविता येईल, परंतु मळणार कोण, चाकावर गोळा ठेवून तो उचलणार कोण, आणि कच्च्या मडक्यावर थापटणे चालविणार कोण? दोन स्त्रियांचा संसार, बलुत्याचे धान्य, गावाची घागर हे सर्व त्या दोन हातांवर होते. संतीचे मूल पूर्वीच गेले होते, आता चूलही विझण्याची वेळ आली.

विठू कुंभार

येथून कथा देवाकडे वळते. पंढरीचा पांडुरंग विठू नावाचा कुंभार होऊन, रुक्मिणीस सोबत घेऊन तेरला आला. गरुडाने गाढवाचे रूप घेतले. परगावाहून काम शोधीत आलेला मजूर म्हणून विठूने काकांच्या घरी राहण्याची परवानगी मागितली आणि आळ्यात उतरला. त्याने माती वाहिली, तुडविली, हातांनी मळली, मडकी घडविली, आवा लावला आणि भांडी बाजारात नेऊन विकली. ज्या चिखलात काकांचे मूल गेले होते, त्याच चिखलात देवाने हात घातले. काकांचे घर पूर्वीपेक्षा भरभराटीस आले. आपल्या घरी राबणारा हा गडी कोण, हे मात्र कोणासही कळले नाही.

इकडे ज्ञानदेव-नामदेवादी संतांस पंढरीत देव दिसेना. ते शोध घेत तेरला आले. त्यांची चाहूल लागताच विठू दिसेनासा झाला आणि मग काकांस सारे उमगले. आषाढी एकादशीस काका दोन्ही पत्नींसह पंढरपुरास गेले. नामदेवांचे कीर्तन चालू होते. कीर्तनात सर्वांनी हात वर करून टाळी वाजवावी, असे नामदेवांनी सांगितले. काकांनीही भान विसरून आपले थोटे वर केले आणि नामाच्या गजरात त्यांस हात फुटले. संतीने देवापाशी आपले मूल मागितले. तेव्हा श्रोत्यांच्या गर्दीतून ते रांगत आले, अशी ही कथा आहे. त्यानंतर देवाने आणेतून सर्वांस मोकळे केले.

ही हकीकत आज आपण ऐकतो ती मुख्यत्वे महिपतीबुवा ताहराबादकर यांनी शके १६८४ (इ. स. १७६२) मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथाच्या आधारे. काकांच्या काळापासून महिपतींपर्यंत सुमारे साडेचारशे वर्षे जातात. तोवर कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली होती. मराठी मुलुखाबाहेरही ती पोहोचली. तमिळमध्ये १९४८ साली ‘चक्रधारी’ आणि कन्नडमध्ये १९७४ साली राजकुमार यांचा ‘भक्त कुंभार’ हे चित्रपट निघाले. मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांचे ‘गोरा कुंभार’ हे संगीत नाटक पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतासह आले आणि गाजले.

थापटण्याची परीक्षा

संतमेळ्यात गोरोबांस सर्वजण काका म्हणत. परंपरेने दिलेले शक मानले, तर ते नामदेवांहून तीन वर्षांनी, निवृत्तिनाथांहून सहा वर्षांनी आणि ज्ञानदेवांहून आठ वर्षांनी मोठे. ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली त्या वर्षी, म्हणजे १२९६ मध्ये, काकांचे वय जेमतेम एकोणतीस होते. चित्रांत आणि मूर्तींत दिसणारी वृद्ध आकृती डोळ्यांपुढून क्षणभर बाजूस सारावी, म्हणजे त्या मेळ्याचे तारुण्य जाणवते. त्या मंडळींत सर्वांत धाकटी असलेली मुक्ताई तर सतरा वर्षांची होती. काका हे नाव वयापेक्षा त्यांच्या मताला मिळणाऱ्या मानाचे दर्शक होते.

एकदा सर्व संत जमले असता मुक्ताईची दृष्टी कोपऱ्यातील थापटण्याकडे गेली. ते कशासाठी, असे तिने विचारले. मडकी कच्ची की पक्की हे याने पाहतात, असे उत्तर मिळाले. मग येथे बसलेल्या मडक्यांचीही परीक्षा व्हावी, असे तिने सुचविले. काका थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या मस्तकावर मारीत गेले. सर्वजण शांत राहिले. नामदेवांस मात्र हा अपमान वाटला आणि त्यांनी तक्रार केली. एवढे एक मडके कच्चे आहे, असा निर्णय काकांनी दिला.

विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्या नामदेवांस एका कुंभाराने सर्वांदेखत कच्चे ठरविले, हे त्यांच्या फार जिव्हारी लागले. ते पंढरीस जाऊन देवापुढे रडले. देवानेही काकांचा निर्णय फिरविला नाही, तर गुरूस शरण जाण्यास सांगितले. नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथे त्यांस सर्वत्र भरलेल्या देवाचा बोध झाला. पुढे नामदेवांनी भक्तीचा ध्वज पंजाबपर्यंत नेला. त्या प्रवासाची पहिली पायरी थापटण्याच्या एका टोल्याने घातली गेली, असे वारकरी मानतात.

कुंभारकामाच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. भाजलेले मडके पारखावयाचे तर बोटाच्या टिचकीने त्याचा नाद ऐकतात. थापटणे चालते ते अर्धवट वाळलेल्या, न भाजलेल्या मडक्यावर. आतून एका हाताने गोटा धरून आधार द्यावयाचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकून भिंत पातळ आणि सारखी करावयाची. म्हणजे थापटण्याचे खरे काम घडविण्याचे आहे, पारखण्याचे नंतर. काकांनी नामदेवांस टाकून दिले नाही. आतून आधाराचा हात कोणाचा लागेल, तेही देवाकरवी ठरले.

काकांचे अभंग थोडेच, सुमारे वीस, उपलब्ध आहेत. त्यांत स्वतःच्या दुःखाची कहाणी त्यांनी सांगितलेली नाही. निर्गुणाचा अनुभव आणि तो आल्यावर बोलणे कसे थांबते, हा त्यांचा विषय असून काही अभंग नामदेवांस उद्देशून आहेत. ज्यांस कच्चे म्हटले, त्यांच्याशीच काका पुढे मनीचे सर्वांत गूढ बोलले.

शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशी, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये काकांनी तेर येथे देह ठेविला. वयाची पन्नास वर्षे त्यांनी याच गावी, याच मातीत काढली. तेरणेकाठी काळेश्वराच्या सान्निध्यात त्यांची समाधी असून चैत्र वद्यातील पुण्यतिथीस येथे मोठी यात्रा भरते, दिंड्या येतात, कीर्तने होतात. काळेश्वराच्या ज्या भूमीतून त्यांस उकरून काढले असे आख्यायिका सांगते, तिच्याच कुशीत ते विसावले आहेत. समाधीचे दर्शन घेतल्यावर भाविक काळेश्वराचे आणि गावातील प्राचीन त्रिविक्रम मंदिराचेही दर्शन घेतात.